सकाळची पट्टी

डॉक्टर वासुकींनी सांगितलं ते एवढंच, की मुलीची सकाळची पहिली लघवी रोज तपासायची. लक्ष्मीप्रियेच्या कानाला मात्र ते व्रतासारखं ऐकू आलं. तिचा तरी काय दोष? सोमवारी एकभुक्त, मंगळवारी देवीपुढं लिंबाचा दिवा, गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मौन, शनिवारी मारुतीला लोणी, असा जिचा सगळा आठवडा नेमांनी बांधलेला, तिला ‘रोज’, ‘पहाटे’ आणि ‘चुकवायचं नाही’ हे शब्द एकापाठोपाठ कुणी ऐकवले की हात आपोआप जोडले जातात.

“आंघोळीच्या आधी की नंतर?” तिनं हळूच विचारलं.

“कुणाच्या?”

“माझ्या.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमच्या आंघोळीशी मूत्रपिंडाला काही देणंघेणं नाही, अम्मा. मुलगी उठली, लघवी केली, त्यात ही पट्टी बुडवली, बाहेर काढली, मिनिटभर थांबून रंग बघितला. झालं.”

“उपासाच्या दिवशी?”

“मुलीचा उपास?”

“माझा.”

“त्या दिवशीसुद्धा.”

“आणि उद्यापन कधी करायचं?”

डॉक्टर वासुकींनी पेन खाली ठेवलं, खिडकीतून चिंचेच्या झाडाकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “तुमच्या देवाला विचारून मला सांगा.”

शांभवी आठ वर्षांची. एका सकाळी उठली ती डोळे भिजवलेल्या बदामासारखे फुगलेले घेऊनच. परकराची नाडी पुरेना. लघवीला उंचावरून ओतलेल्या कापीसारखा, म्हणजे कॉफीसारखा, फेस, आणि दोन दिवसांनी रंगही तसाच, कापीचा. डॉक्टरांनी समजावलं, की मूत्रपिंड म्हणजे गाळणं. त्याची भोकं सैल झाली की अन्नाचं सत्त्व, ज्याला प्रोटीन म्हणतात, ते गळून जातं आणि अंगावर सूज चढते. कधी रक्ताचे कणही गळतात, तेही डोळ्याला न दिसता. गोळ्यांनी गळती थांबली होती. पण ती परत सुरू होऊ शकते म्हणून ही पट्टी. पट्टीवर चौकोन. एक प्रोटीनचा, एक रक्ताचा. पिवळा राहिला तर उत्तम. फिकट हिरवा झाला तर लक्ष ठेवायचं. गडद हिरवा लागोपाठ तीन दिवस आला, की त्या तिसऱ्या दिवशीच तडक दवाखान्यात यायचं. मीठ बेतानं.

आता हिरव्या रंगाचं कसं आहे, आपल्या लोकांत तो सौभाग्याचा. चुडा हिरवा, खण हिरवा, ओटी हिरवी. पहिल्याच आठवड्यात एकदा पट्टी फिकट हिरवी झाली, तेव्हा ओसरीवर बसलेले सासरे सीतारामराव तिथूनच म्हणाले, “हिरवं आलं? वा! पायसम कर आज.”

“मामंजी, हिरवं वाईट.”

“हिरवं वाईट?” सीतारामराव कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. एखाद्या चुकीच्या टिपणीवर सही मागितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. “कुठल्या अडाण्यानं ठरवलं हे? लाल ठेवायला काय झालं होतं त्याला?”

लक्ष्मीप्रियेनं आपला नेम बसवून टाकला. पहाटे उठायचं, मुलीला न्हाणीत न्यायचं, पट्टी बुडवायची आणि घड्याळ न बघता रामनामाची एक माळ मनाशी फिरवायची; मिनिट बरोबर भरतं. मग रंग बघायचा, पट्टी टाकायची, आंघोळ करायची, मग देव. आधी आंघोळ करून बघितली होती, पण मग पट्टीनंतर पुन्हा आंघोळ आलीच. दोन आंघोळींनी तिला सर्दी झाली. तेव्हा तिनं देवाची माफी मागून क्रम बदलला. देव काही बोलले नाहीत.

बोलले ते सासरे. त्यांचा पंचांगावर विश्वास होता, पण पंचांग सगळ्यांना सारखंच सांगतं ही त्यांची जुनी तक्रार. एका पिवळ्या सकाळी राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीतल्या नळाला पाणी आलं. नुसतं आलं नाही, तर खालच्या बादलीवरून उसळून त्यांच्या धोतरावर आलं. पुढं एकदा फिकट हिरवी सकाळ उजाडली, आणि त्याच दिवशी बाजारात केळीच्या सालीवरून त्यांचा पाय घसरला. झालं. सीतारामराव लंगडत घरी आले ते सिद्धांत घेऊनच.

“प्रिये, हे पंचांगापेक्षा बिनचूक आहे. पंचांग आकाशावरून सांगतं. हे आपल्या घरातून येतं.”

“मामंजी, हा तिच्या आजाराचा रंग आहे हो,” ती म्हणाली. पण तिचा आवाज मुळातच असा, की समोरच्याला वाटावं ही मनातल्या मनात बोलते आहे.

घरातून गोष्ट ओसरीवर गेली आणि ओसरीवरून गल्लीत. आधी शेजारच्या जननीची आई आली. बदलीचा अर्ज आज देऊ का उद्या? मग दोन ऑटोवाले. मग कृष्णस्वामी, ज्याची लग्नाकार्याला भाड्यानं जाणारी मोठी व्हॅन होती. तो चप्पल फाटकाबाहेर काढून विचारी, “अम्मा, आज काय रंग?” हिरवा म्हटलं की लांबचं भाडं घेत नसे. पुढं तर विहिरीवरून कोर्टात भांडणारे दोन सख्खे भाऊ सुनावणीच्या तारखेला एकाच वेळी येऊन उभे राहू लागले. थोरल्याला पिवळा हवा, तर धाकट्याला हिरवा, कारण थोरल्याचा वाईट दिवस तो याचा चांगला. थोरला शांभवीला सफरचंद देई, म्हणजे पिवळं येईल. धाकटा मुरुक्कूचं, म्हणजे खारट चकल्यांचं, पुडकं देई. मीठ बेतानंच म्हणून ते मुरुक्कू सीतारामराव प्रसाद समजून स्वतः खात.

शांभवीला आधी मजा वाटली. ती फाटकाशी येऊन कंबरेवर हात ठेवून हुकूम सोडी, “आज पिवळा. जावा सगळे.” आणि मोठी माणसं खरंच जात.

लक्ष्मीप्रिया दाराआड उभी राहून हे बघे. रंग पिवळा आला की मुलगी बरी आहे म्हणून तिचा जीव भांड्यात पडे. बाहेर लोकांचाही जीव भांड्यात पडे. पण त्यांचं भांडं निराळं, हे तिला कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

अशात कल्याणरामचं जमलं. हा तिचा धाकटा दीर, पॉलिटेक्निकात शिकवणारा, तिशी उलटून गेलेला. मागं जमलेली स्थळं शेवटच्या घडीला मोडलेली, त्यामुळं घरात कुणी ‘लग्न’ हा शब्द उच्चारला की सगळे दारं-खिडक्या लावून घेत. मुलगी पापनाशमची, श्रीविद्या, पोस्टात नोकरीला. निश्चयतांबूल, म्हणजे आपला साखरपुडा, शुक्रवारी सकाळी, राहूकाळ लागायच्या आत पापनाशमला. सासूबाई हयात नव्हत्या. तेव्हा मुलीच्या ओटीत साडी आणि तांबूल घालायचं ते थोरल्या सुनेनं, लक्ष्मीप्रियेनंच. तिचा नवरा श्रीकर ऑफिसच्या कामानं चेन्नईला गेलेला. तो तिकडून रेल्वेनं परस्पर पापनाशमला उतरणार होता.

बुधवारी पट्टी गडद हिरवी झाली.

माळ संपायच्या आधीच झाली. लक्ष्मीप्रियेनं पट्टी बाटलीवरच्या रंगांशी लावून बघितली, खिडकीत नेऊन बघितली, पदरानं डोळे पुसून बघितली. मग ओसरीवर जाऊन सांगितलं.

सीतारामरावांनी पंचांग जवळ ओढलं. “आज वार कुठला?”

“बुधवार.”

“मग! बुधाचा रंग हिरवाच. हे बुधाचं आहे, शांभवीचं नव्हे. काळजी करू नकोस.”

“मामंजी, डॉक्टर म्हणाल्या की—”

“उद्या गुरुवार. गुरूचा रंग पिवळा. उद्या बघ.”

गुरुवारी पट्टी बुधवारपेक्षा गडद आली. गुरूनं काही लक्ष घातलं नाही. शिवाय रक्ताच्या चौकोनात राळ्याच्या दाण्यांसारखे हिरवे ठिपके उमटले होते. शांभवीच्या पापण्या जड दिसत होत्या. आणि गुरुवार म्हणजे लक्ष्मीप्रियेचं मौन.

मौन मोडावं का, असं तिनं स्वतःला विचारलं. लिहून दाखवणं म्हणजे मौनाला मागच्या दारानं बाहेर सोडणं, असं ती मानत असे. हा दुसराच दिवस. डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी या म्हटलंय. दिवे लागले की बोलता येईल. तोवर खुणा आहेत.

ती ओसरीवर गेली. आधी हातातली पट्टी दाखवली, मग आपल्या डोळ्यांवर बोटं ठेवून ते सुजल्याची खूण केली. मग तीन बोटं दाखवली.

“तीन,” सीतारामराव कल्याणरामला म्हणाले. “वैनी म्हणते साखरपुड्याची ताटं तीन वाढवा. बरोबर आहे. आठ झाली होती, आता अकरा. विषम हवीतच.”

तिनं मान जोरानं हलवली. पुन्हा डोळ्यांकडं बोट दाखवलं.

“आणि काजळाची डबी,” कल्याणराम म्हणाला. “मुलीच्या ताटात. विसरलोच होतो की! वैनीच्या ध्यानात बरं राहतं.”

तिनं कपाळाला हात लावला.

“कुंकू तर आहेच,” सीतारामराव म्हणाले.

दिवसभर असं चाललं. संध्याकाळी निरांजन लावून तिनं हात जोडले आणि सबंध दिवसाचा पहिला शब्द उच्चारला तो हा, “मामंजी, उद्या हिरवं आलं तर मी शांभवीला घेऊन दवाखान्यात जाणार.”

“उद्या हिरवं येणार नाही,” सीतारामराव शांतपणे म्हणाले. “सोय झाली आहे.”

“कसली सोय?”

“हे बघ, व्रताला प्रतिनिधी चालतो म्हणून शास्त्र आहे. कर्ता आजारी असला तर त्याच्या बदली मुलानं, भावानं, पुरोहितानं उपास केला तरी फळ मिळतं. हे व्रत म्हणून तूच सुरू केलंस, होय की नाही? शांभवी आजारी. तर उद्यापुरती तिची प्रतिनिधी म्हणून शेजारची जननी. तिच्याच वयाची, धडधाकट. तिच्या आईला आनंद झाला. आतापासून बार्लीचं पाणी पाजते आहे.”

“मला कुणी विचारलं नाही!”

“दुपारी तुझ्यासमोरच बोललो की. तू गप्प होतीस. न बोलणं म्हणजे संमती म्हणून मी समजलो.”

लक्ष्मीप्रिया देवघरात जाऊन बसली. राग कुणावर धरायचा ते तिला समजेना. व्रत हा शब्द तर तिनंच आणला होता. डॉक्टर नुसतं ‘तपासा’ म्हणाल्या होत्या. तिनं तपासणीला माळ लावली, क्रम लावला, उद्यापन विचारलं. मग सासऱ्यांनी त्याला प्रतिनिधी शोधला तर त्यात त्यांचं काय चुकलं? ‘देवा,’ ती म्हणाली, ‘माझी मुलगी मी तुझ्या खात्यात टाकली, आणि लोकांनी तिचं कॅलेंडर केलं.’

शुक्रवारी पहाटे पुढच्या अंगणात जननी रेशमी परकर-पोलकं घालून, वेणीत मोगरा माळून आली. हातात चांदीचा पेला. प्लास्टिकची डबी अशुभ दिसते म्हणून सीतारामरावांनी तो काढून दिला होता. पट्टी बुडवली, सगळ्यांनी श्वास धरले आणि पट्टी पिवळीच्या पिवळी राहिली. सीतारामरावांनी ती अक्षतांच्या ताटात ठेवून फाटकापर्यंत फिरवली. विहिरीचा थोरला भाऊ टाळ्या वाजवू लागला. धाकटा म्हणाला, “ही मुलगी दुसरी आहे. हे मला मान्य नाही!”

मागच्या न्हाणीत लक्ष्मीप्रियेनं दुसरी पट्टी बुडवली. माळेचे दोन-चार मणीही सरले नाहीत तोच पट्टी कढीलिंबाच्या जून पानासारखी झाली. शेजारच्या चौकोनातले ठिपके एकमेकांना जाऊन मिळाले होते.

“जननीचा रंग माझ्या नावावर लावला?” शांभवीनं विचारलं. तिचे डोळे आज नीट उघडत नव्हते.

“हो.”

“मग माझी लघवी कुणाच्या नावावर?”

लक्ष्मीप्रियेनं मुलीचा चेहरा गार पाण्यानं पुसला, परकर नेसवला आणि नाडी बांधताना बघितलं. कालच्या गाठीवर बसत नव्हती.

दाराशी कृष्णस्वामीची व्हॅन. आत ताटं, ताटांवर नारळ, केळी, साडी, काजळाची डबी, मांडीवर ताटं घेऊन बसलेल्या चुलत-मावस बायका, पुढं सीतारामराव, त्यांच्यामागं नव्या शर्टात ताठ बसलेला कल्याणराम. लक्ष्मीप्रिया शांभवीला घेऊन शेवटी चढली. खांद्याच्या पिशवीत तिनं दवाखान्याची फाईल घातली होती. कुठं आणि कसं बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. बसस्टँडाच्या वळणावर उतरून ऑटो करावी, असं काहीतरी मनात होतं.

कृष्णस्वामीनं इंजिन चालू करून आरशात बघितलं. “अम्मा, आज काय रंग?”

“पिवळा!” सीतारामराव म्हणाले. “आताच सगळ्या गल्लीनं बघितला. चल.”

“तसं नव्हे सामी, रोज अम्मा सांगतात. लांबचं भाडं आहे. त्यांच्या तोंडून ऐकून निघतो.”

सगळ्या ताटांआडून सगळे डोळे तिच्याकडं वळले. खोटं न बोलण्याचा नेम तिनं लहानपणीच घेतला होता, आणि तो कुठल्याच वाराला सुटत नव्हता.

“जननीचा पिवळा,” ती म्हणाली. “शांभवीचा हिरवा. आज तिसरा दिवस.”

कृष्णस्वामीनं इंजिन बंद केलं.

“मग गाडी कुणाच्या रंगावर चालवू?”

आणि वाद पेटला. एक आत्या म्हणाली, गाडीत बसलेल्याचा रंग तो गाडीचा रंग. जननीला आणून पुढं बसवा. जननीला आणलं. तिची आई खिडकीशी येऊन म्हणाली, हिला शाळा आहे, फार तर वाटेतल्या अय्यमपेट्टैपर्यंत नेऊन सोडा. दुसरी म्हणाली, दोन्ही रंग गाडीत असले तर मिळून पोपटी होईल, आणि पोपटी तर चांगलाच, माझं लग्न पोपटी साडीत झालं. मागच्या बाकावरून कुणी सुचवलं, की हिरव्या मुलीला घरी ठेवावं. कृष्णस्वामी म्हणाला, टायर माझे आहेत, मला लेखी नको पण पक्कं सांगा. सीतारामराव शास्त्र सांगू लागले.

“मामंजी,” लक्ष्मीप्रिया म्हणाली. इंजिन बंद होतं म्हणून की काय, तिचा आवाज पहिल्यांदाच गाडीभर ऐकू गेला. “उपासाला प्रतिनिधी चालतो. तिच्या मूत्रपिंडाला कोण प्रतिनिधी देणार? तिचं सत्त्व गळतंय. रक्त गळतंय. जननी काही तिच्या बदली सुजणार नाही.”

शांभवीचा हात धरून ती खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या ऑटोला हाक मारू लागली.

“उतरली,” मागचा बाक म्हणाला. “आता गाडीत नुसता पिवळा. चला!”

“चला कुठं?” कल्याणराम एकाएकी उभा राहिला, डोकं टपाला आपटलं. “अप्पा, वैनी नसली तर ओटी कोण भरणार? तुम्ही?”

सीतारामरावांनी तोंड उघडलं. या बाबतीत प्रतिनिधी चालतो का, हे ते मनातल्या मनात शोधत असावेत. पण गाडीतल्या सगळ्या आत्या-मावश्या एका सुरात म्हणाल्या, थोरली सून असताना आम्ही नाही बाई हात लावणार. तेव्हा व्हॅन मुकाट्यानं वळली आणि ऑटोच्या मागोमाग दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

डॉक्टर वासुकी दारात आल्या तर व्हरांड्यात अकरा ताटं ओळीनं मांडलेली. वजनकाट्यावर नारळ ठेवलेले. काटा मुलांच्या हिशेबानं त्यांना कुपोषित दाखवत होता. औषधांच्या खिडकीशी एक आत्या नर्सला पानसुपारी देत होती.

“हे सगळे कोण?”

“मुलीबरोबर आलेत,” लक्ष्मीप्रियेनं सांगितलं.

डॉक्टरांनी शांभवीचे डोळे बघितले, घोट्यावर बोट दाबून बघितलं, रक्तदाब घेतला. मग डबी हातात दिली. ताजी लघवी हवी. इथं बघून लगेच ठरवू.

बायकांचं शौचालय व्हरांड्याच्या एका टोकाला. शांभवी आत गेली आणि बाहेर वऱ्हाड दाराभोवती गोळा झालं. राहूकाळाला फार वेळ नव्हता.

“झालं का?” कल्याणरामनं विचारलं.

“नाही!”

“नळ सोडा,” आत्या म्हणाली. “पाण्याचा आवाज आला की होतं.”

“शूऽऽ करा कुणीतरी.”

तिघीचौघी शूऽऽ करू लागल्या. सीतारामराव डोळे मिटून वरुणाची प्रार्थना म्हणू लागले. दवाखान्याच्या रांगेतलं एक भलतंच पोर तेवढ्या आवाजानं चड्डीत मुतलं. दाराच्या आतून हुंदका आला. “अम्मा, मला होत नाही. सगळे ऐकतायत.”

“जावा सगळे इथनं!”

हे कोण ओरडलं म्हणून लक्ष्मीप्रियेनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती. ओरडली होती तीच.

“जावा! ताटं घेऊन झाडाखाली जावा. मुहूर्त टळला तर टळू दे. माझी लेक आजारी आहे. ती पंचांग नाही, नळ नाही, तुमच्या कोर्टाची तारीख नाही. ती शांभवी आहे. तिला लघवी तरी एकटीला करू द्या!”

नर्ससुद्धा गेली. सीतारामराव अर्धवट प्रार्थना तोंडात घेऊन सगळ्यांच्या मागून गेले. व्हरांडा रिकामा झाला. लक्ष्मीप्रिया दाराला पाठ लावून बसली, आणि जरा वेळानं आतून बारीक आवाज आला, “अम्मा, तू पण कान झाक.” तिनं झाकले.

पट्टी तशीच आली. डॉक्टर वासुकींनी लांब श्वास सोडला. “गळती परत सुरू झाली आहे. रक्तही थोडं आहे, त्याची वेगळी तपासणी करू. पण आजच आणलंत. पोटात पाणी भरायच्या आत. गोळ्या आजपासून सुरू करा, घरीच ठेवा, भरती करायची गरज नाही. आठवडा गेला असता तर मी हे म्हटलं नसतं.” मग त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. “आणि ती रेशमी परकरातली मुलगी? तिलाही काही होतंय?”

“ती प्रतिनिधी,” लक्ष्मीप्रियेनं सगळं सांगितलं. खोटं बोलता येत नव्हतं. नाहीतर हे तिनं नक्की गाळलं असतं.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या रडतात की काय, असं तिला आधी वाटलं.

बाहेर चिंचेखाली निराळंच चाललं होतं. कल्याणरामनं पापनाशमला फोन केला होता आणि पापनाशमचे लोक, राहूकाळाच्या धास्तीनं, स्वतःच गाडी करून इकडं आले होते. येताना रेल्वेतून उतरलेल्या श्रीकरला स्टेशनवरून उचलून आणलं होतं; तो धावतच आत मुलीकडं गेला. श्रीविद्येची मोठी आत्या वरलक्ष्मी, हातात छत्री, सगळी हकीकत शेवटपर्यंत ऐकून घेऊन म्हणाली, “बरं. आणि मुलाचं बघितलं?”

“जातक जुळलंय की,” सीतारामराव म्हणाले.

“जातक जुळलं. पण तुमच्या घरात हीही एक पद्धत आहे म्हणून आता कळलं. एवढ्याशा मुलीचं रोज सगळ्या गावाला दाखवता, आणि बाप्याचं झाकून ठेवता? डबी द्या त्याला.”

कल्याणराम शेंदरासारखा लाल झाला. श्रीविद्या पदराआड खोकली आणि म्हणाली, “आत्ते, एकट्याचंच का? माझंही बघू दे. बरोबरी असावी.” असे ते दोघं, अजून एकमेकांशी धड शब्द न बोललेले, हातात एकेक डबी घेऊन व्हरांड्याच्या दोन टोकांना गेले. दोघांचंही पिवळं आलं. राहूकाळाला थोडा अवधी असताना लक्ष्मीप्रियेनं चिंचेखाली श्रीविद्येची ओटी भरली. ताटातली साडी हिरवी होती. कुणी त्यावर एक अक्षर बोललं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहाटे पुढचं दार उघडणं बंद केलं. फाटकाशी माणसं यायची, खोकायची, कृष्णस्वामी घंटी वाजवायचा. ती आतूनच, होता होईल तेवढ्या मोठ्यानं म्हणायची, “पंचांग बघा हो.” काही दिवसांनी धाकटा भाऊ मुरुक्कू घेऊन आला तो तसाच परत गेला. सीतारामराव ओसरीवर एकटे बसू लागले. चष्मा कपाळावर ढकलून पंचांग उघडत, बघत, मिटत. तिला ते रंग विचारत नव्हते. ती सांगत नव्हती.

गोळ्यांनी शांभवीचा चेहरा पुरीसारखा टम्म झाला. भूक तर अशी, की दुपारच्या भातानंतर ती संध्याकाळच्या भाताची वाट बघत पाटावर बसून राही. रोज पट्टी, रोज हिरवी. मग थोडी कमी हिरवी. लक्ष्मीप्रियेनं रामनाम चालूच ठेवलं, पण मिनिट मोजायला आता स्वयंपाकघरातलं घड्याळ न्हाणीत नेऊन ठेवलं होतं. नाम निराळं, मिनिट निराळं.

एका सकाळी मिनिट संपलं तरी पट्टी पिवळी होती. दोन्ही चौकोन. तिनं आणखी एक मिनिट बघितलं. मग मुलीला जवळ घेऊन तिच्या फुगलेल्या गालाचा मुका घेतला, पट्टी टाकली आणि आंघोळीला गेली.

परसात ती ओले केस पुसत उभी असताना सीतारामराव मागच्या दाराशी आले. इकडं ते सहसा येत नसत. तुळशीची दोन सुकलेली पानं त्यांनी खुडली, ती कुठं टाकावी ते न कळून मुठीतच धरली.

“शांभवीला कसं आहे?”

लक्ष्मीप्रियेनं टॉवेल खाली केला. “का, मामंजी? आज कुठं जायचंय?”

“कुठंच नाही,” ते म्हणाले. “नुसतंच विचारलं.”

“आज पिवळं आहे.”

त्यांनी मान हलवली. मग आत जाता जाता वळून म्हणाले, “झोपू दे तिला थोडं अजून. पूजेची घंटा मी आज हळू वाजवतो.”